जर्मन स्टेडियमची फळी

तेल पाजलेल्या लाकडाचा वास आला की मला टोकियोतल्या निशी-कसाईची एक फळी आठवते. आयटीच्या कंत्राटावर तिथे राहायचो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या वृद्ध गृहस्थांची ती फळी कॉरिडॉरमध्ये असायची. आमच्या बाळाची गाडी अडते म्हणून एका सकाळी मी ती गुपचूप खाली कचऱ्यात ठेवली. संध्याकाळी परतलो तर ते तिला टॉवेलने पुसत होते. तिथे मोठ्या वस्तू टाकायला आधी पैसे भरून चिठ्ठी चिकटवावी लागते; ती नाही म्हणून कचरागाडीने फळी नेली नव्हती. मी दुसरं टोक धरलं. वर आल्यावर ते सोप्या जपानीत म्हणाले, "बसा. जर्मनीतल्या स्टेडियमचं बाक आहे हे. तरुणपणी मी तिथे नोकरीला होतो. स्टेडियम पाडलं, तेव्हा आणलं." त्यांनी सांगितलं, महायुद्धात कोसळलेल्या घरांच्या विटामातीचा डोंगर रचून लोकांनी त्या स्टेडियमच्या प्रेक्षकांसाठी पायऱ्या केल्या होत्या. "गोल झाला की माणसं आपल्याच पडलेल्या घरांवर उभी राहून नाचायची!" मी ताडकन उठलो. "अहो, बसा! बाकच आहे," ते हसले आणि वाकून म्हणाले, "तुमच्यामुळे वर आलं." मीही वाकलो, पण बोललो नाही. भाषा अडली, असं बायकोला सांगितलं. आज पन्नाशीत कबूल करतो, "ती मीच टाकली" एवढं जपानी मला तेव्हाही येत होतं.