डावीकडचा तबला

या सदरातले अनुभव मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचत आलो. कुणाच्या घरात आपोआप आवाज झाला की मला आधी लूज कनेक्शन आठवतं. कुपवाडच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. गुणगुण, गरम होणं, धूर – सगळ्याला कारण असतं आणि ते मीटरवर सापडतं, एवढाच माझा धर्म. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिल्याशिवाय चैन पडेना.

मला नाद आहे तो स्टिरिओच्या केबली घरी बनवायचा. तांब्याची तार आणायची, टेफ्लॉनची नळी चढवायची, वेणी घालायची, टोकांना प्लग सोल्डर करायचे. जोडून ऐकायचं, आणि आवाज आवडला तरी आठवड्यात परत कापून दुसरं काहीतरी करायचं. माझी बायको शैला लोणंदकडची. ती म्हणते, "आवं, गोठ्यात बी एवढी दावी नसत्यात." आमचं घर सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका कॉलनीत. हॉलमध्ये दोन स्पीकर, त्यांच्यासमोर दोन खुर्च्या. रविवारी नाष्टा झाला की दोघांनी बसून गाणं ऐकायचं, ही लग्नापासूनची आमची एकुलती एक चैन.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी शैलाचा डावा कान गेला. ना ताप, ना मार. फोन डाव्या कानाला लावला तर तिला वाटलं, पलीकडून कुणी बोलतच नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी नस गेल्याचं सांगितलं. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, कान काही परत आला नाही. त्यानंतर ती खुर्चीत बसेनाशी झाली. "समदं एकाच भोकातनं आल्यागत वाटतंय. तुमीच ऐका," म्हणायची आणि रविवारी मुद्दाम स्वयंपाकघरात काम काढायची. मी एकटा बसायचो आणि लगेच उठायचो. मग केबल काढ, तारेची जाडी बदल, प्लग बदल, परत जोड... केबलीनं कान बरा होत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हात स्वस्थ बसेनात.

अशाच एका रविवारी नवी केबल जोडली. माझ्यासारखाच नादिष्ट मित्र मगदूम, त्याचं सांगलीत कापडाचं दुकान आहे, त्यानं पेनड्राइव्हवर एक रेकॉर्डिंग दिलं होतं. कुणाच्या तरी घरातली गाण्याची बैठक, आम्ही दोघांनीही कधी न ऐकलेली. ते लावून मी अ‍ॅम्प्लिफायरमागे वाकून वायरी आवरत होतो. शैला हात पुसत बाहेर आली, दारात थबकली आणि चक्क तिच्या खुर्चीत येऊन बसली. डोळे मिटून घेतले.

"तबला डाव्या अंगाला हाय," ती म्हणाली. "आन् तबल्यापाशी कुणी तरी कपबशी ठिवली बगा."

वायरी तशाच टाकून मी उठलो. शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो तर मला फक्त गाणारा आणि पेटी, तेही उजवीकडून. तबला नाहीच. डाव्या स्पीकरला कान लावला... शुकशुकाट. केबल काढून मीटर लावला. डाव्या प्लगमधला सांधा कच्चा राहिला होता, तार सुटली होती. डावा स्पीकर वाजतच नव्हता! मग तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं. डाव्या बाजूला तबला होता. आणि बशीचा आवाजही.

मी माझ्या सवयीनं तार सोल्डर केली. आता तबला डावीकडून छान खणखणीत येऊ लागला. "आता कसं?" मी विचारलं. शैलानं डोळे उघडले.

"ग्येला की वो. काय केलं तुमी?"

तिचा तो चेहरा मला बघवेना. तार परत सोडवली. ती पुन्हा डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटानं ठेका धरून बसली. नंतर मी मुद्दाम डावी तार न जोडता दुसरी केबल केली, तर तिचा काही उपयोग नाही. तीच केबल लागते, आणि तीही तुटलेली.

मगदूमला सांगितलं तर तो हसला. "गड्या, तबल्याचा बारीक आवाज उजवीकडच्या माइकात घुसला असणार. वहिनींचा चांगला कान तेवढा तल्लख झालाय. उगं भुताला कशाला बोलावतोस रं?"

बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणून परीक्षाच घ्यायची ठरवली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका कोपऱ्यात उभा राहून मोबाइलवर एक वाक्य बोललो. घरी कंप्युटरवर ते फक्त डाव्या बाजूला टाकलं, उजवीकडे नुसती पेटी. काय बोललो ते मगदूमलाही सांगितलं नाही. रविवारी तो आला, चहा आला, मी तीच केबल लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. त्याला पेटी ऐकू आली, मलाही पेटी. शैला डोळे मिटून ऐकत होती. हळूहळू तिच्या कपाळावर आठी पडली.

"आमटीत मीठ जास्त झालं व्हतं तर ताटावरच सांगायचं. मागं मशीन घरघरतंय, म्हंजी कारखान्यात जाऊन बोललाय तुमी."

मोबाइलवरचं मूळ वाक्य मी मगदूमला ऐकवलं, तेच होतं. त्याचा चहा तसाच राहिला. दुकानात माल येणार आहे म्हणून तो निघून गेला. त्यानंतर तो या विषयावर चकार शब्द बोललेला नाही.

शैलाचा कान परत तपासून आणला. डावीकडे शून्य, पूर्वीसारखंच. मेंदू कधीकधी आठवणीतले आवाज वाजवतो, असं डॉक्टर म्हणाले. आमटीतल्या मिठाचं मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी मलाच दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, फक्त केबल मागू नका. खरं सांगतो, मला भीती वाटते. समोर सुटलेली तार दिसतेय आणि तिला हात लावायचा नाही, ही शिक्षा माझ्यासारख्यालाच कळेल. कामावर असतानाही मन तिथंच घुटमळतं... झाडताना धक्का लागला तर? तार आपली आपण चिकटली तर? त्या कोपऱ्यात मी कुणाला फिरकू देत नाही. आता रविवारी अर्धं गाणं मला ऐकू येतं आणि पूर्ण तिला. मी विचारतो, "डावीकडं काय चाललंय?" ती सांगते.

परवा मी पुन्हा एकदा डाव्या बाजूला बोलून ठेवलं. तिचा कान गेल्यापासून घशात अडकलेलं होतं ते. काय बोललो ते इथं लिहीत नाही, तिच्या तोंडावरही मला ते कधी बोलता आलेलं नाही. लावलं आणि शेजारी बसलो. मला नुसती पेटी. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. पेटी थांबली तरी हलली नाही.

मग डोळे न उघडताच म्हणाली, "परत लावा."