वाफेकरांची उकळी

वाफेकरांना अर्धवट उकळी खपत नसे. त्यांच्याकडे चहाला बुडबुडे आले की मी शेगडी बंद करायला हात पुढे करायची, तोच ते म्हणायचे, “थांब. अजून तिने मनावर घेतलेलं नाही.” चहा काठापर्यंत चढून खाली बसला की मगच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे.

त्यांचं खरं आडनाव पाटील. पण आइंडहोवनजवळच्या आमच्या बेस्ट या डच गावातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर चार पाटील होते, तेव्हा ओळखीला खूण हवीच. ज्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी कायम वाफेने पांढरी, ते वाफेकर. वडील कोपरगावकडे साखर कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळे हे नाव वंशपरंपरेने आलंय, असं तेच हसून सांगत. वय पंचेचाळीसच्या आसपास, काम आइंडहोवनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं. पत्नी शुभदावहिनी नाशिकला शिक्षिका, मुलगी त्यांच्याजवळ. मी पुण्याहून येऊन त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला लागले, तेव्हा गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवायला माझ्याबरोबर सकाळची रजा काढून आले होते. स्वतःसाठी मात्र त्यांनी कुणाला कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

खालच्या मजल्यावर सत्तरी उलटलेल्या एक डच बाई राहत. आम्ही त्यांना नुसतं ‘मेव्हराउ’, म्हणजे बाई, म्हणायचो. त्यांचे पती विम हयात असताना जुन्या घराच्या शेडमध्ये बिअर करत. ते गेल्यावर मेव्हराउ या इमारतीत आल्या, तेव्हा विमचं मोठं पातेलं आणि त्यांच्या अक्षरातली कृती सोबत आणली होती. वाफेकरांनी एकदा त्या पातेल्याची चौकशी केली आणि अडकले.

“तू करून बघ,” मेव्हराउ म्हणाल्या. “मला ती चव एकदा पुन्हा घ्यायची आहे.”

वाफेकर स्वतः वर्षाकाठी एखादा ग्लास पिणारे. पण शब्द दिला.

कृती वीस लिटरची होती. विमकडे शेडमध्ये गॅसची दणदणीत शेगडी होती. आमच्या फ्लॅटमध्ये काचेच्या सपाट विजेच्या शेगड्या. माल्टचं गोड पाणी झाकण न ठेवता तासभर खळखळून उकळावं लागतं, तरच त्यातला नको तो वास वाफेबरोबर निघून जातो. वाफेकरांचं पातेलं दोन तास तापलं आणि कडेला चार बुडबुडे काढून तिथेच थांबलं. आंबून तयार झालेल्या त्या बिअरला चक्क उकडलेल्या कोबीचा वास आला. त्यांनी एक घोट घेतला आणि सगळी सिंकमध्ये ओतली. “ही त्यांच्यासमोर ठेवायची नाही,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांनी पातेलं दोन शेगड्यांवर आडवं बसवलं आणि अंगाला जुनी जाड चटई गुंडाळली. थर्मामीटर सत्त्याण्णववर अडकला. तिसऱ्यांदा पाण्यात सोडायचा हीटर जोडला, तर भर दुपारी फ्रिजसकट सगळं घर बंद पडलं.

“माझी शेगडी रिकामीच आहे,” मी म्हटलं. “अर्धं माझ्याकडे उकळू या ना.”

“नको गं. आपली उकळी आपल्याच घरात आणायची.” ते हसले, पण पुढे बोलायची सोय ठेवली नाही.

त्याच आठवड्यात मी दाताच्या डॉक्टरकडे जायला रजा घेतली होती. परत येताना कालव्याकाठच्या बाकावर वाफेकर दिसले. ऑफिसची बॅग मांडीवर, डबा उघडा, सकाळचे अकरा वाजलेले. मला बघून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“आमची टीम बंद केली,” ते म्हणाले. “महिना झाला.”

नोकरी गेली की इथे आमच्या कामाच्या परवान्यावर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात. त्यातला एक संपला होता. रोज आठला ते सायकल काढून निघत, ते मला कळू नये म्हणून.

“वहिनींना?”

“नाही सांगितलं. मेच्या सुट्टीत दोघी येताहेत, तिकिटं काढून झालीत. तोवर मिळेल काहीतरी. तू बोलू नकोस.”

मी बोलले नाही. पण त्यानंतर वहिनींचा मेसेज आला की मी उत्तर देणं लांबवायची.

शनिवारी चौथा प्रयत्न सुरू झाला. मेव्हराउ कठड्याला धरत वर आल्या. त्यांनी पातेल्यातलं आळशी पाणी पाहिलं, मग माझ्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि आम्हाला समजेल अशा सावकाश डचमध्ये मला विचारलं, “तुझ्याकडे शेगडी आहे?”

“आहे.”

“मग हा एकटा काय करत बसलाय?”

त्यांच्यापुढे वाफेकरांचं काही चाललं नाही. अर्धं पाणी माझ्या पातेल्यात आलं. अर्ध्या तासात दोन्हीकडे अशी उकळी फुटली, की माझ्या खिडकीवरूनही ओघळ यायला लागले. वाफेकर या दारातून त्या दारात धावत होते, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं मोजून टाकत होते, आणि मेव्हराउ दोन दारांच्या मधल्या जागेत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“बायको कधी येणार तुझी?” त्यांनी सहज विचारलं.

वाफेकर डाव हातात घेऊन उभे राहिले. मग मोडक्यातोडक्या डचमध्ये त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“तिला माहीत आहे?”

“नाही.”

“विमने त्याचं दुखणं माझ्यापासून चार महिने लपवलं,” मेव्हराउ म्हणाल्या. “हा माझ्याशी बोलत का नाही म्हणून मी चार महिने त्याच्यावर रागावत राहिले. ते महिने मला परत हवे आहेत.”

वाफेकरांनी डाव माझ्या हातात दिला आणि आत जाऊन फोन लावला. हात ओले म्हणून स्पीकरवर. त्यांनी सगळं सांगितलं, रोजच्या डब्यासकट.

“मग रोज डबा घेऊन कुठे जात होतात?” वहिनींनी विचारलं.

“लायब्ररीत. कधी कालव्यावर.”

“थंडीत?”

“तिकिटं रद्द करू का?”

“कशाला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुट्टीत घरी सापडाल.”

वाफेकर हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. मी वळून माझ्या घरातलं पातेलं ढवळायला गेले.

मग त्यांनी ग्रुपवरही लिहिलं. एरवी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे लोक ओळखी काढायला लागले. ग्रुपवरच्याच दुसऱ्या एका पाटलाने रॉटरडॅमला जहाजांच्या वेळापत्रकाचं काम करणाऱ्या कंपनीत त्यांचं नाव पुढे केलं. मुलाखतीच्या वेळी वहिनी आणि मुलगी इथेच होत्या. होकार आला, तेव्हा मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

बिअर आंबून तयार झाल्यावर आम्ही ती मधल्या जागेतच उघडली. मेव्हराउंनी घोट घेऊन डोळे मिटले.

“विमची याहून कडू असायची,” त्या म्हणाल्या आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.

जुलैत ते रॉटरडॅमला गेले. आता भेटी क्वचित होतात. वहिनी आणि मुलगीही तिथे राहायला आल्या; वहिनींना तिथल्या शाळेत काम मिळालंय, मुलगी फोनवर माझ्याशी डच बोलते.

गेल्या वर्षी माझंही प्रोजेक्ट बंद झालं. ऑफिसमधून घरी आले आणि सवयीने आईला ‘मजेत आहे’ असं टाइप केलं. मग ते खोडलं आणि साताऱ्याला तिलाच फोन लावला.

“आई, माझी नोकरी गेली.”

पलीकडे तिने टीव्ही बंद केला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“हं, सांग,” ती म्हणाली.