सकाळचं पाणी

शुक्रवार, ९ मे. आदल्या दिवशी धुळीचं वादळ येऊन गेलं होतं आणि मी हॉलच्या खिडक्यांच्या खाचा साफ करत होते. रियाधची ही धूळ झाडून निघत नाही, पिठासारखी चिकटून बसते. जुना टूथब्रश, ओलं फडकं आणि तीन बादल्या पाणी लागतं. दुसऱ्या बादलीला फोन वाजला. अकरा वाजले होते. धाकटा भाऊ.

तो हिमाचलात ट्रेक नेतो. ते काम त्याला मीच शिकवलं. नंतर माझा गुडघा गेला, नवऱ्याला इथल्या बँकेत नोकरी लागली, आणि गेली अकरा वर्षं मी रियाधच्या मलाझ भागातल्या तिसऱ्या मजल्यावरून तिकडचे ओढे बघते. तो व्हिडिओ पाठवतो, मी जा किंवा थांब म्हणते.

"काय मास्तरीणबाई, वाळवंटात पाणी आलं का?"

"टँकर आलाय. मुद्द्याचं बोल."

"व्हिडिओ टाकलाय तो बघ. तासभर चढून वर आलोय, इथंच जरा रेंज मिळते. सहा जण आहेत. त्यातल्या एकीला पहाटेपासून उलट्या होतायत, थांबायचं नाव नाही. ओढा ओलांडला की तीन तासांत गाडीरस्ता. नेऊ का?"

ओल्या हातांनी मी व्हिडिओ तीनदा पाहिला. पाणी गुडघ्याच्या थोडं वर. रंग दुधट, पण काठाजवळचा तळ दिसत होता. तळाचे मोठे दगड वाहायला लागले की पाण्याच्या आवाजाखाली एक जाड गडगड ऐकू येते. फोन कानाला लावून ऐकलं, ती नव्हती. पाण्याबाहेरच्या दगडांवर बर्फाचा काचेसारखा पातळ थर होता.

मी त्याला परत फोन लावला. "ने. सॅकचे पट्टे सोडून ठेवा, पडलात तर टाकून देता आली पाहिजे. दगडांवर बर्फ धरलाय, पाय घसरेल, काठी रोवल्याशिवाय पाऊल उचलू नका. दोर बांध. तू शेवटी ये."

"ताईनं सांगितलं, झालं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी तिसरी बादली भरली. दुपारी जेवलो. साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याच्या गटातली पुण्याची मुलगी होती, रस्त्याला पोहोचली होती. सहाही जण पलीकडे गेले, आजारी मुलगीसुद्धा. तिला त्यानं स्वतः धरून नेलं. मग मागं जाऊन अलीकडचा दोर सोडला आणि शेवटी एकटा पाण्यात उतरला. मधोमध पाय उचलले गेले. खालच्या वळणावर मेंढपाळांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

"पाणी कमरेच्या वर होतं हो," ती रडत म्हणाली. "मी म्हटलं, सर, सकाळी एवढं नव्हतं. तर म्हणाले, ताईनं बघितलंय."

"व्हिडिओ किती वाजता काढला होता?"

"सकाळी सहाला. तिच्या उलट्या थांबतील म्हणून आम्ही दुपारपर्यंत वाट बघितली, मग सर वर गेले."

बर्फ वितळून वाहणारा ओढा पहाटे सर्वांत लहान असतो. ऊन चढेल तसा वाढतो आणि दुपारनंतर सर्वांत मोठा होतो. पाणी बघण्याआधी घड्याळ बघा, हे मी शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला सांगत असे. तो बोलत होता तेव्हा तिकडे दुपारचा दीड वाजला होता. व्हिडिओ कधीचा, हे मी विचारलं नाही. खरं तर विचारायचीही गरज नव्हती. मे महिन्यात दुपारी दीड वाजता ओढ्यातल्या दगडांवर बर्फाचा थर टिकत नाही. तो रात्रीच्या थंडीचा असतो, ऊन लागलं की जातो. मला तो दिसला. पाय घसरेल म्हणून मी बजावलंसुद्धा. त्यावरून वेळ मात्र ओळखली नाही.

नवरा म्हणाला, "तू तिथं नव्हतीस. पाणी त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्यानं बघायला नको?"

"अकरा वर्षं मीच बघत होते. तो कशाला बघेल?"

माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणून माझ्या जाण्यायेण्याचा व्हिसा त्यानंच फोनवरून काढला. दहा मिनिटं लागली. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. नाशिकला मामानं आईला सांगून टाकलं होतं: पाय घसरला.

"तेवढंच राहू दे," नवरा म्हणाला. "त्यांना या वयात आणखी कशाला?"

मला ते पटत होतं. घरात शिरून तिच्या शेजारी बसायचं, येणारे-जाणारे माझं सांत्वन करणार, आणि ती मलाच विचारणार की एवढा शिकलेला मुलगा घसरला कसा. त्याचा पाय कधी घसरला नव्हता, हे तिला माहीत होतं. तो बेसावध होता असं ती मरेपर्यंत समजणार. तो बेसावध नव्हता. त्यानं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी आईला फोन लावला.

"आई, पाय घसरला नाही. पाणी मोठं होतं. त्यानं मला विचारलं होतं, आणि मी जा म्हटलं."



"तू नीट बघितलं नव्हतंस का गं?"

"बघितलं होतं," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवला. मी कपाटावरून बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि कपडे भरायला घेतले.