दत्ताचा बसलेला आवाज

दत्ता गेल्याचं कळलं तेव्हा मी लालबागच्या आमच्या प्रचार कचेरीत पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो. त्याची बहीण अनवाणी धावत आली होती. "दादा गेला," एवढंच म्हणाली. मी हातातली गाठ पुरी मारली आणि मगच उठलो... का, ते आज पाच आठवड्यांनीही सांगता येत नाही.

दत्ता माझ्याच चाळीतला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्याचा मुलगा. इंटरच्या वर्षी त्याला क्षय झाला. दोन वर्षं तो घाटावरच्या इस्पितळात होता. चाळीला सांगितलं होतं, पोरगा कोकणात शेती बघतो. बरा होऊन आला, इंटर पहिल्या वर्गात काढली आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा अर्ज आणला. त्यात एक रकाना होता, शिक्षणात खंड पडल्याचं कारण. "खरं लिही," मी म्हणालो. "आजारी पडणं हा गुन्हा आहे काय रे?" तो म्हणाला, "हे तुझ्या पत्रकात छाप. माझ्या बहिणीला सोयरीक यायचीय." आणि लिहिलं, घरगुती अडचण. माझा राग आजही त्या रकान्यावर आहे. बऱ्या झालेल्या माणसालाही जिथे चोरासारखं लपावं लागतं, तिथे रोग नेमका कुणाला झालाय?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता. मीच त्याला ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा पार बसलेला. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "आवाजाला काय झालं?" सरकारी कॉलेजात मोर्चाचं नाव काढणं म्हणजे आपल्या हाताने अर्ज फाडणं. तरी दत्ता म्हणाला, "काल घोषणा दिल्या, सर." साहेब हसले म्हणे. प्रवेश मिळाला! हा किस्सा मी सभांतून सांगितला, टाळ्या घेतल्या.

पण मोर्चात मी त्याच्या शेजारीच होतो. निघताना त्याच्या आईने बजावलं होतं, "जातंस तर जा, पण बोंबलू नको हां. नुसतां तोंड हलव." आणि वाटभर दत्ता नुसते ओठ हलवत होता. "काय रे, आवाजाचा उपास आहे काय?" म्हणून मी चिडवलंही होतं. एकही घोषणा दिली नव्हती त्याने. मग घसा बसला कशाने? मुलाखतीच्या संध्याकाळीच मला ते उमगलं होतं. त्यालाही. जिन्यात त्याने माझा दंड धरला, बोटं थंडगार. "कुणाला बोलू नको. एकदा वर्ग सुरू होऊ दे, मग डॉक्टरला दाखवतो." मी घाबरलो. खरं लिही म्हणणारा मी, गप्प बसलो. तीन आठवडे तो कॉलेजात गेला. चौथ्यात ड्रॉइंगच्या कागदावर रक्त पडलं... मग औषधांनीही ऐकलं नाही.

परवा काकींकडे, दत्ताच्या आईकडे, गेलो. खिडकीत दत्ताचा वेगळा ठेवलेला कप पालथा आहे. काकी तो अजून रोज धुतात, पुसतात, पुन्हा पालथा घालतात. त्यांनी चहा टाकला. मी म्हणालो, "काकी, मला त्याच्या कपात द्या." मनापासून म्हणालो. काकींनी खरंच तो कप भरून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिल्या.

चहावर साय धरली, तरी माझा हात उठला नाही.