बेडूकडॉक्टरांचं एक वाक्य

बेडूकडॉक्टरांना कुणी नमस्कार केला, की ते हात जोडायचे नाहीत. समोरच्याची नाडी धरायचे. परळच्या आमच्या इस्पितळात मी तेव्हा कार्डिओग्राम काढत असे. बेडकांच्या हृदयांना विजेचे धक्के देत बसतात, म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. संशोधकाला आपल्याकडे एवढा मान मिळतो, हेही नसे थोडके.

मंदावलेल्या हृदयाला विजेने ठोके दिले तर ते सावरेल, असं त्यांचं म्हणणं.

"हृदय म्हणजे काय रेडिओ आहे?" इस्पितळाचे मोठे साहेब विचारायचे.

"रेडिओ असता तर चिंचपोकळीत दुरुस्त झाला असता, साहेब."

ठोके देणारं यंत्र मात्र डॉक्टरांनी चिंचपोकळीच्या रेडिओवाल्याकडूनच करून घेतलं.

ते पहिल्यांदा लावलं लालबागच्या तुकारामदादांना. दादा गिरणीत साचे चालवत. नाडी अगदी मंद, पाय सुजलेले. आडवं झालं की जीव गुदमरे, म्हणून बसूनच झोपत. यंत्राच्या प्रत्येक धक्क्याला त्यांचं अंग उडे.

"डाक्टरांनू, ह्याच्यापेक्षा गिरणीतलो जॉबर बरो," दादा म्हणाले. "तो मधी बिडी वढूक तरी जाता."

चार दिवसांत सूज उतरू लागली.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. एका दुपारी बाहेर गोळीबार झाला, वॉर्ड जखमींनी भरला आणि वीज गेली. यंत्र थांबलं, दादांचे डोळे फिरले. डॉक्टर मूठ वळून दादांच्या छातीवर बेताने, एका लयीत ठोके द्यायला लागले. ठोक्यागणिक नाडी लागत होती. डॉक्टरांचा हात भरून आला की मी, माझा भरला की ते. वीज तासाभराने आली. दादा जिवंत होते.

पुढे त्यांचं हृदय आपलं आपण चालू लागलं. ते घरी गेले आणि दोन महिन्यांनी वारले. डॉक्टरांनी निबंध लिहिला. साहेबांनी शेरा मारला : 'यंत्र बंद असताना रुग्ण जगला, सबब यंत्राची गरज सिद्ध होत नाही.' एवढी बुद्धी असल्याशिवाय का कुणाला मोठी खुर्ची मिळते!

दादांची बायको डॉक्टरांना भेटायला आली. म्हणाली, "माझो घोव दोन म्हयने पाठ टेकून निजलो. तेवढां कागदात लिवा."

डॉक्टरांनी लिहिलं. साहेबांनी नेमकं तेवढंच खोडलं.

महिन्याभरात डॉक्टरांनी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी ते खोडलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. साहेबांनी त्याखाली 'मंजूर' लिहून सही केली.