मालवणची आगबोट आणि कसालचा क्लच

फोंडा घाट उतरताना आमची मोटार शहाण्यासारखी वागली आणि कसालच्या बाजारात अडून बसली. क्लचचं पेडल दाबलं ते तळाला गेलं, वर येईना. बहीण सुशी लहानग्याला घेऊन त्याच दुपारी आमच्या आजोळाहून, मालवणहून आगबोटीने मुंबईला आणि तिथून नवऱ्याकडे आफ्रिकेला निघणार होती. तिला निरोप द्यायला मी आणि आई पुण्याहून आलो होतो. पुन्हा भेट कधी, कुणी सांगावं?

क्लचला तेलाचा दाब देणारा मास्टर सिलिंडर नवा घेतलेला डिकीतच होता. मालवणला पोचल्यावर सवडीने बसवू, असा माझा बेत! बाजारातल्या तातू मेकॅनिकने जुना उपसून काढला. "ह्येचो रबर गेलो, सायबानू. तेल ऱ्हवतला खंय?" त्याचे हात चालत होते, तोंड त्याहून जोरात. आईने तोवर खटखटे लाडू (गुळात वळलेले कडक लाडू) घेतले. माझ्याच्याने एकही फुटला नाही.

नवा बसला. आता नळीतली हवा काढायची होती. तातू गाडीखाली शिरला, मी वरून ब्रेक ऑइल (क्लचलाही तेच लागतं) ओतत होतो आणि पेडलवर आई होती. तातूने खालचा स्क्रू बंद करेपर्यंत तिने पेडल दाबून धरायचं. पण तातूने सुरुवात केली ती गाऱ्हाण्याने (देवाकडे एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा).

"बा देवा म्हाराजा, ह्येंची गाडी येळेर मालवणाक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आमची माहेरवाशीण आई हात जोडून उठलीच. पाय सुटला, स्क्रू उघडाच होता, काढलेली हवा परत आत गेली.

"आये, पाय कित्याक काढलंस गो?" तातू खालून ओरडला.

"गाऱ्हाण्याक बसान कोण ऱ्हवता?" आईने उलट त्यालाच विचारलं.

पुन्हा पहिल्यापासून. मी मनातून चरफडत होतो. अखेर बुडबुडे थांबले, पेडल ताठ झालं.

मालवणला पोचलो तेव्हा पडाव (आगबोटीपर्यंत माणसं नेणारी मोठी होडी) किनाऱ्यापासून बराच आत गेला होता. आई लुगड्यानिशी गुडघाभर पाण्यात शिरली, हाका मारत राहिली. सुशी पाठमोरी होती, मांडीवरच्या मुलाला थोपटत होती. ती वळली नाही.

परतीच्या वाटेवर क्लच अगदी सुरळीत चालला. मला त्याचाच राग येत होता. मग आई म्हणाली, "तिना माका बघूक नाय, ता बरा झाला. आगबोटीत रडत गेली असती."

एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली.