वाचून झाल्यावर जाळून टाका

२०२३ साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा, मॅसॅच्युसेट्सला मुलाकडे राहत होतो. पाडव्याच्या कार्यक्रमात मी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला सरळ विचारलं, "सहा वर्षं तुम्हीच कसे?" तो माईकवरून म्हणाला, "काका, चौथी शिकलेल्या माणसाने राजकारणात पडू नये. श्रीखंड घ्या." सगळा हॉल हसला. माझा मुलगाही हसला. तिथेच ठरवलं, ह्याला खाली उतरवल्याशिवाय सोडायचं नाही.

माझी सून दर शनिवारी गावच्या लायब्ररीत जुनी पत्रं उतरवून काढायला जायची. दोनशे वर्षांपूर्वीची, इथल्याच शेतकऱ्यांची. जेवताना आम्हाला मराठीत सांगायची. एकाने भावाला लिहिलेलं, की आपला शेजारी लोकांना सफरचंदाची दारू पाजून निवडून आला, आणि त्याला स्वतःची गुरंसुद्धा आवरत नाहीत. खाली लिहिलेलं, वाचून जाळून टाक.

"मग जाळलं का नाही?"

"बाबा, असलीच पत्रं तर लोक जपून ठेवायचे. एकमेकांना वाचून दाखवायचे."

मला एवढंच पाहिजे होतं.

मंडळात नागपूरच्या एक काकू आहेत. त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी त्यांनाच पत्र लिहिलं. फोनवरचं बोलणं हवेत जातं, म्हणून कागदावर. लिहिलं, की हा माणूस दरवर्षी सभेत जेवण वाढल्यावर विचारतो, 'पुढच्या वर्षीही मीच राहतो, कुणाची हरकत आहे का?' एका हातात ताट, दुसऱ्या हातात वाटी, मग हात वर कोण करणार? आणखी लिहिलं, की घरात ह्याच्या हाती टीव्हीचा रिमोटसुद्धा लागत नाही, ती हौस तो आमच्यावर भागवतो. अक्षर वेडंवाकडं आलं, पण लागेल असं आलं. खाली लिहिलं, वाचून झाल्यावर जाळून टाका.

आठवडाभरात पत्राचा फोटो घराघरांत पोचला. डिसेंबरच्या सभेत काकूच उभ्या राहिल्या. "आधी मतं घ्या, मग पानं वाढा." हात मोकळे होते. ते वर गेले आणि तो पडला.

निघताना त्याने मला दारात गाठलं. "काका, प्रायव्हेट लेटरमध्ये असं लिहितात का यार?"

"खोटं काय लिहिलं ते सांग."

"रिमोटचं खोटं आहे."

"म्हणजे बाकीचं खरं."

गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला मुद्दाम त्याच्या गल्लीतून गेलो. तो दारातला बर्फ काढत होता. मी मोठ्याने नमस्कार केला. त्याने मान वर केली नाही. वळणापर्यंत गेलो, आणि परत फिरून पुन्हा एकदा त्याच्या दारावरून आलो.